बादलीभर पाणी आणि कमरेएवढे केस

लातूरात केसांचा हिशेब आधी बादलीत मांडतात, रुपयांत नंतर. नळ कधी सुटणार, टाकीत किती उरलंय, उरलंय ते बोअरचं की टँकरचं, हे बघितल्याशिवाय इथली बाई डोक्यावरून न्हायचं ठरवत नाही. म्हणून मोबाइलवर केसांचे रील बघताना मला मौज वाटते. त्यातली मुलगी आधी शॅम्पू लावते, मग कंडिशनर, मग मास्क, दर वेळी भरपूर धुते, आणि तिच्या मागं शॉवर धो धो चालूच. बाटल्यांच्या किमती तिला तोंडपाठ असतात. पाण्याची किंमत तिला कुणी विचारतच नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. शाळा विनाअनुदानित, त्यामुळं पगार येईल तेव्हा येतो. गाव औसा तालुक्यातलं, अकरावीपासून मुक्काम लातूरात. केस कमरेपर्यंत आहेत आणि बरे आहेत असं लोक म्हणतात. पालकसभेत एका आईनं पोराचे गणिताचे मार्क बाजूला ठेवले आणि हळूच विचारलं, "मॅडम, तेल कोणतं लावता?" मी नाव सांगितलं तर तिचा चेहरा पडला. ते तेल तिच्याही घरात होतं. तिला वाटलं, मॅडम काहीतरी लपवुलाल्यात.

लपवण्यासारखं काही नाही, पण सांगायला बसलं तर पाण्यापासून सांगावं लागतं, आणि एवढं ऐकायला पालकसभेत कुणाला वेळ नसतो.

आमच्याकडचं बोअरचं पाणी मचूळ. काळ्या खडकातून, खोल खोल गेलेल्या बोअरमधून येतं ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊनच. बंबाच्या आत जो पांढरा थर चढतो, तोच थोडाथोडा केसांवरही बसतो. केस राठ लागतात, गुंततात, चमक जाते, आणि आपण दोष देतो तेलाला. वर्गात मी हे दोन बाटल्यांत दाखवते. एकीत पावसाचं पाणी, दुसरीत शाळेच्या बोअरचं, दोन्हींत साबणाचा कीस टाकून हलवायचं. पहिलीत फेस गळ्यापर्यंत येतो. दुसरीत फेस नाहीच, दह्याच्या कवड्यांसारखा साका धरतो. साबणानं डोकं धुणाऱ्यांच्या केसांत हाच साका अडकतो. घरोघरी काटकसर म्हणून अंगाचाच साबण डोक्याला लावतात, तो मला सगळ्यात महाग पडणारा प्रकार वाटतो. शॅम्पूतली द्रव्यं वेगळी असतात. क्षारांच्या पाण्यात त्यांचाही फेस कमी होतो, पण ती साका धरत नाहीत.

मुली विचारतात, मग पाण्यात तुरटी फिरवू का? तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, क्षार जात नाहीत. उकळलं तर काही क्षार तळाशी बसतात, सगळे नाही, आणि त्यासाठी गॅस जाळणं आपल्याला परवडणारं नाही. फिल्टरच्या नळीतून वाया जाणारं पाणी जपून ठेवून त्यानं केस धुणाऱ्या एक काकू आमच्या गल्लीत आहेत. त्यांची पाणी वाचवायची तळमळ खरी, पण फिल्टरनं बाहेर काढलेले क्षार त्याच पाण्यात असतात. ते फरशीला वापरावं.

उपाय त्यामानानं साधा आहे. सगळं न्हाणं बोअरच्याच पाण्यानं करायचं आणि शेवटचा एक तांब्या तेवढा चांगल्या पाण्याचा घ्यायचा. तो जारचा असेल, नाहीतर पावसाचा. त्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळला तर केसांवर चढलेला क्षार थोडा सुटतो. मात्र लिंबू लावून उन्हात केस वाळवत बसू नये. कपाळाला, मानेला रस लागलेला असला आणि वर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी काळी पडते.

पावसाच्या पाण्याचं माझ्या आज्जीला वेड होतं. आमचं घर माळवदाचं. माळवदाच्या पन्हाळातून येणारं पाणी मातकट, म्हणून ती गोठ्याच्या पत्र्याखाली घंगाळ मांडायची. मिरगाचा पहिला पाऊस पत्रे धुऊन जाऊ द्यायची आणि दुसऱ्यापासून धरायची. त्या पाण्यानं न्हायलेले केस दोन दिवस हाताला वेगळे लागायचे. गावातल्या बायका ते देवाची कृपा म्हणायच्या. ते मऊ पाणी होतं एवढंच, पण पाऊसच येईना तेव्हा कृपा म्हणणंही चूक नव्हतं.

आता शिकेकाई. शहरातल्या लेखांत शिकेकाईविषयी फार हळवं लिहितात. आज्जी सोडली आणि शॅम्पूची पुडी आली, पुडी आली आणि केस गेले, अशी ती गोष्ट असते. मला ती पटत नाही. आज्जीची शिकेकाई मी कुटलेली आहे. त्यात रिठा, आवळकाठी, नागरमोथा, वाळलेली संत्र्याची साल असायची. शिकेकाई-रिठ्यात निसर्गतःच फेस करणारं द्रव्य असतं आणि मचूळ पाण्यातही ते साबणासारखा साका धरत नाही, त्यामुळं ती वस्तू उत्तमच. पण वाटलेली पूड केसांतून काढायला पाणी किती लागतं ते त्या लेखांत नसतं. दोन बादल्या जास्तीच्या लागतात, तरी भांगात कण राहतात. एक रुपयाची पुडी अर्ध्या बादलीत निघते. आमच्या घरात शिकेकाई सुटली ती नव्या फॅशनच्या हौसेपायी नाही. विहीर आटली म्हणून सुटली.

शॅम्पू पुडीत भरायची कल्पना तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांची. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये धंदा सुरू केला आणि चिक शॅम्पूची पुडी खेड्यापाड्यांतल्या दुकानांत टांगली गेली. बाटली घ्यायला एकदम पैसे काढावे लागतात, पुडीला सुट्टे पुरतात. ज्या घरात पैसा आठवड्याच्या बाजाराच्या हिशेबानं येतो, तिथं हे फार मोठं आहे. पुडी वापरायचीही रीत आहे. ती थेट डोक्यावर पिळायची नाही. मगभर पाण्यात सोडून, ढवळून, फक्त टाळूला चोळायची. वरून वाहून येणारा फेस खालच्या केसांना पुरतो. कमरेएवढ्या केसांनाही एक पुडी पुरून उरते. आणि ज्यांना शिकेकाईच हवी त्यांनी पूड वाटू नये. शेंगा रात्री भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून नुसतं पाणी वापरावं. कण नाहीत, म्हणजे काढायचं पाणीही कमी.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊन भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून साधारण पाच लाख लिटर. जलदूत नाव पडलं तिचं. स्टेशनवर लोक गाडी बघायला गेले होते, मीही गेले होते. त्या वेळी मी ज्या वसतिगृहात राहायचे तिथं अर्ध्या मुली शिकवण्यांसाठी आलेल्या. डॉक्टर व्हायचं म्हणून नांदेड-परभणी-बीडकडून आलेल्या, घरून केस वाढवून आलेल्या. माणशी पाणी ठरलेलं. रेक्टर मॅडमनी सुचवलं, पोरींनो, कापून टाका. काहींनी कापले. परभणीकडची एक मुलगी मात्र हटून बसली, म्हणाली, "मॅडम, भाकरी कमी खाईन, वेणी कापणार न्हाई."

केस कापण्याला माझा विरोध नाही. खांद्याएवढे केस सांभाळायला सोपे, सुंदरही दिसतात. पण आखूड केस रोज धुवावे लागतात असा अनुभव कापलेल्यांना आला. मोकळे राहतात, धूळ बसते, घाम येतो, चिकट दिसतात. वेणीवाल्यांचं आठवड्याला एकदा भागायचं. तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की तेल लावून घट्ट घातलेली वेणी ही आमच्याकडची कोरड्या मुलखाची व्यवस्था आहे. धूळ आत जात नाही, केस एकमेकांवर घासत नाहीत, गुंता होत नाही, आणि न्हाणं लांबवता येतं. शाळेतल्या दोन वेण्या आणि लाल रिबिनींना आम्ही शिस्त म्हणून नावं ठेवायचो. ज्यानं कुणी ती रीत पाडली त्याला पाण्याची टंचाई ठाऊक असणार, असं मला आता वाटतं. पुरावा काही नाही.

तेलाबद्दल सगळे विचारतात, म्हणून थोडं. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल असं तिन्ही तपासलं होतं. धुताना केसातली प्रथिनं निघून जातात, ती खोबरेलनं कमी गेली, बाकीच्या दोघांनी फरक पडला नाही. म्हणजे निळ्या बाटलीतलं साधं खोबरेल बरं. ज्या तेलावर रंगीत चित्रं आणि अठरा वनस्पतींची नावं असतात, त्याच्या मागची बारीक अक्षरं वाचावीत. पुष्कळदा पहिलं नाव खनिज तेलाचं असतं. त्यानं केस चमकतात, गुंता सुटतो, वाईट काही नाही, पण त्यासाठी दुप्पट पैसे का मोजायचे?

या खोबरेलवरून सरकार आणि कंपन्यांचा वर्षानुवर्षं कज्जा चालला होता. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल खायचं की केसांचं, कारण दोन्हींवरचा कर तेव्हा वेगळा होता. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: बाटलीवर केसांचं तेल असं लिहिलेलं नसेल तर ते खाद्यतेलच. लातूरात खोबरेलात कुणी फोडणी देत नाही, इथं करडई, शेंगदाणा आणि आता सोयाबीन. पण आज्जी असती तर हसली असती. मी तेलाची धार डोक्यावर सोडली की ती ओरडायची, "डोस्क्याला लावुलालीस का भजे तळुलालीस गं माय?" पुढं २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचं तेल आणि शॅम्पू दोन्हींवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी खोबऱ्याचा भाव मात्र असा चढला की करात वाचलेलं भावात गेलं.

तर आज्जीचं बरोबर होतं. चमचाभर तेल, तेही न्हायच्या आदल्या रात्री. थंडीत गोठतं तेव्हा बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करायची. जास्त तेल लावलं तर ते काढायला जास्त शॅम्पू लागतो, जास्त शॅम्पू काढायला जास्त पाणी लागतं, आणि आपण पुन्हा बादलीपाशी येतो.

विंचरण्याला पैसे लागत नाहीत, म्हणून त्याकडं कुणी लक्ष देत नाही. ओला केस नाजूक असतो, ताणला की तुटतो. आधी बोटांनी गुंता सोडवायचा, मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं टोकांपासून वर वर जायचं. बारीक दातांची फणी उवांसाठी ठेवावी. उवांवर रॉकेल चोळणारी घरं अजून आहेत. ते करू नये, कातडी भाजते आणि चुलीजवळ गेलं तर जीवावर बेततं.

आणि विंचरून झालं की गुंतवळ बघायचं. आमच्या गावी प्रत्येक घरात गुंतवळाची एक जागा ठरलेली. भिंतीतल्या देवळीत नाहीतर आढ्याच्या फटीत गोळा करून खोचायचं. महिन्या-दोन महिन्यांनी केसांवर भांडी देणारी बाई यायची, तराजूत गुंतवळ टाकायची आणि वाटी नाहीतर चाळणी द्यायची. आई भाव करायची. त्या देवळीकडं बघून आज्जीला घरातल्या बायकांची तब्येत कळायची. ढीग लवकर भरला की म्हणायची, "कुणाचं तरी अंगातलं रगत कमी झालंय."

रोज पन्नास ते शंभर केस गळणं रीतीचंच आहे. एकदम जास्त गळू लागले तर मागं वळून बघावं. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठी उपासमार यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. त्या वेळी आपण कारण विसरलेलो असतो आणि चालू शॅम्पूवर राग काढतो. असे केस बहुतेक वेळा आपोआप परत येतात. न येणारी गळती पुष्कळदा लोहाच्या कमतरतेची असते, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासायला पैसे लागत नाहीत. शाळेत दर आठवड्याला आम्ही किशोरवयीन मुलींना लोहाची निळी गोळी देतो. मळमळतं म्हणून मुली ती खिडकीतून टाकतात, हे मला माहीत आहे, कारण खिडकीखाली मी वेचलेल्या आहेत. त्याच मुली सुट्टीत कांद्याच्या रसाचं तेल मागवायला पैसे जमवतात. मी सांगते, जेवून घ्या, लिंबू पिळलेली पालेभाजी खा, जेवणावर लगेच चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. केस म्हणजे प्रथिन, आणि आपल्या रानातला हरभरा, तूर, सोयाबीन आपण पोत्यांनी विकतो आणि ताटात वाटीभर वरणही पातळ घेतो.

खाण्यातून केस जातात हेही जवळच घडलं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांना अचानक टक्कल पडू लागलं. तीन-चार दिवसांत डोकं रिकामं. बुलढाणा म्हणजे विदर्भ, पण जालन्याला लागून, त्यामुळं आमच्याकडंही घबराट होती. आधी संशय पाण्यावर, शॅम्पूवर. नंतर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथं जाऊन तपासलं. विंचूदंशावरचं त्यांचं काम जगाला माहीत आहे आणि ते मूळचे आमच्या जालना जिल्ह्यातले. रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त आणि रुग्णांच्या अंगात जस्त कमी, असं त्यांनी मांडलं. पुढं काहींची नखंही गळाली. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या बायकांनी घरातल्या पुड्या फेकून दिल्या होत्या.

फेकायचीच असेल तर काळ्या मेंदीची पुडी फेकावी. पांढरे केस लपवायला गावोगाव ती खपते. खरी मेंदी तांबूस रंग देते. पुडीतून निघणारा काळा रंग रसायनाचा असतो आणि पुष्कळांना त्यानं कपाळ सुजतं, डोळे मिटतात. वापरायचीच तर आधी कानामागं थेंब लावून दोन दिवस थांबावं. एवढं थांबायला कुणी तयार नसतं, लग्न परवावर असतं.

लग्नावरून आठवलं. माझ्या भाचीला मागच्या लग्नसराईत केराटिन, म्हणजे पार्लरात औषध लावून आणि तापवून केस सरळ करून घेणं, करायचं होतं. "मावशी, कॉलेजातल्या सगळ्या करुलाल्यात." पार्लरवालीनं सांगितलेली रक्कम ऐकून बहीण गप्प झाली. भाचीला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्यातल्या पुष्कळ औषधांतून तापवताना फॉर्मल्डिहाइडचा वायू निघतो, डोळे झोंबतात ते त्यानंच. दोन, काही महिन्यांत ते निघून जातं, आणि आपल्या बोअरच्या पाण्याला त्या महागड्या केसांची कदर नाही. पहिली गोष्ट तिला पटली नाही, दुसरी पटली.

मग आम्ही गंजगोलाईत गेलो. मधल्या गोल इमारतीभोवती सोळा रस्ते फुटतात आणि त्यातल्या एकावर बायकांच्या सामानाची दुकानं आहेत. रिबीन, आकडे, बकलं, गंगावनं, जाळ्या. पार्लरच्या रकमेच्या पासंगालाही न पुरणाऱ्या पैशांत आम्ही पिशवी भरून आलो. आदल्या रात्री भाचीचे केस थोडे ओले करून चार बारीक वेण्या घातल्या आणि तशीच झोपवली. सकाळी सोडल्या तर पाठीवर लाटा. वरच्या केसांची सागरवेणी, तिला आडवा मोगऱ्याचा गजरा, खालचे मोकळे. बहिणीनं आरसा धरला. भाचीनं स्वतःला डावीकडून, उजवीकडून बघितलं आणि लगेच फोटो टाकला.

फोटो बघून मांडवातल्या बाकीच्या पोरी आल्या. कुणाला खजुरी वेणी, कुणाला गंगावन लावून कमरेपर्यंत शेपटा, एका आत्याबाईंना साठाव्या वर्षी खोपा. आकडे संपले, माझ्या तोंडात धरलेले शेवटचे दोनही गेले. मी हळदीला पोचले तेव्हा हळद उरकलेली, आणि माझ्या डोक्यावर कालचाच बुचडा.